मराठवाड्याच्या पावसाच्या नकाशासाठी स्वतःची सीमा-फाइल: कामाचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

पावसाळा लागला की ग्रॅड्समध्ये (हवामानाच्या आकड्यांवरून नकाशे काढणारं सॉफ्टवेअर) पावसाचे नकाशे काढणारी मंडळी वाढतात, कोणी कृषी हवामानाचा विद्यार्थी असतो, कोणी आपल्या तालुक्यापुरता नकाशा काढून ग्रुपवर टाकणारा हौशी, आणि सगळे एकाच जागी अडतात: सॉफ्टवेअरसोबत येणाऱ्या नकाशात जिल्ह्याच्या रेघा नाहीत, तालुक्याचं तर नावच नको. मग कुठून तरी शेपफाइल (हद्दीच्या रेघांची नकाशा-फाइल) उतरवायची, क्यूजीआयएसमध्ये (नकाशा-फायलींवर काम करायचं सॉफ्टवेअर) उघडायची, तिथं झकास दिसते म्हणून तशीच ग्रॅड्सला द्यायची, आणि तिथं एक तर काहीच उमटत नाही किंवा दुहेरी-तिहेरी रेघा येतात. फाइल खराब आहे का, असं सगळे विचारायलेत. बहुतेक वेळा फाइल खराब नसते, क्रम चुकलेला असतो.

क्रम असा: तपासणी, प्रोजेक्शन (नकाशावरची जागा कुठल्या मोजमापात लिहिली आहे ते), दुरुस्ती, निवड, रेघा हलक्या करणं (बारीक वळणं कमी करणं), आणि सगळ्यात शेवटी तालुक्यांवरून जिल्हे आणि विभाग बनवणं. शेवटच्या दोन गोष्टी उलट्या केल्या की पुढचं सगळं बिघडतं.

(कमांड आणि मेनूची नावं इथं देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.)

## १. आधी ठरवा: नकाशा केवढा आणि रेघ किती बारीक

मराठवाडा ढोबळमानाने १७.५ ते २०.७ उत्तर अक्षांश आणि ७४.५ ते ७८.३ पूर्व रेखांश यात बसतो, म्हणजे रुंदी चार अंशाच्या आतच. आता तुमचं चित्र हजार पिक्सेल रुंद असेल तर एका पिक्सेलला साधारण ०.००४ अंश येतो, आपल्या अक्षांशावर ते होतात सुमारे ४०० मीटर. त्याहून बारीक वळण फाइलमध्ये असलं काय आणि नसलं काय, चित्रात दिसणारच नाही, फक्त फाइल जड होते आणि रेघ काळी जाड फुगलेली दिसते. म्हणून बारीकपणा आधीच ठरवा: फक्त मराठवाड्यासाठी २०० ते ३०० मीटर पुरतं, अख्ख्या महाराष्ट्रासाठी ५००-६०० मीटर चालतात.

हेही आत्ताच ठरवा की शेजारचे जिल्हे फिक्या रेघेत दाखवायचेत का. नाशिक, जळगाव, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ, अहिल्यानगर, सोलापूर, यातले काही पाहिजे असतील तर ते पहिल्यापासून सोबत घ्या. नंतर वेगळे आणून चिकटवले तर हद्दीवर दोन रेघा होतात, आणि त्या कशाने जुळत नाहीत.

लागणारं सामान थोडं आहे: क्यूजीआयएस, ब्राउझरमध्ये चालणारं, रेघा हलक्या करायचं साधन मॅपशेपर (फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, अपलोड होत नाही), आणि शेपफाइल वाचू शकणारं ग्रॅड्स. ग्रॅड्स सुरू केल्यावर वरती कॉन्फिगची ओळ येते, तिच्यात शेपफाइल हा शब्द आहे का ते बघा. नसेल तर पुढची सगळी मेहनत वाया, आधी दुसरी आवृत्ती टाका.

फोल्डरचं नाव छोटं, इंग्रजी आणि बिना-स्पेसचं ठेवा. मूळ उतरवलेली फाइल वेगळ्या फोल्डरात ठेवून तिला परत हातच लावायचा नाही, सगळं काम कॉपीवर.

## २. फाइल मिळवा आणि ती कुठल्या काळातली आहे ते ओळखा

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ऑनलाइन पोर्टलवर प्रशासकीय हद्दी मिळतात. गॅडम या जगभरच्या हद्दींच्या वेबसाइटवरूनही उतरवता येतं, तिथं लेव्हल २ म्हणजे जिल्हे आणि लेव्हल ३ म्हणजे तालुके, पण ती शैक्षणिक आणि बिगर-व्यावसायिक वापरासाठीच मोफत आहे, फाइल परस्पर वाटायची परवानगी नाही. आणि एक गोष्ट गंभीरपणे घ्या: देशाची बाहेरची हद्द विदेशी फायलींत आणि सॉफ्टवेअरच्या आतल्या नकाशात जम्मू-काश्मीरजवळ वेगळी असते. फक्त मराठवाडा काढताना प्रश्न येत नाही, पण संपूर्ण भारताचा नकाशा प्रसिद्ध करणार असाल तर हद्द सर्वेक्षण विभागाचीच लागते, १९६१ च्या कायद्यात यासाठी शिक्षेची तरतूद आहे.

तालुक्याची फाइल घ्या, जिल्ह्याची नको. तालुक्यावरून जिल्हे बनवता येतात, जिल्ह्यावरून तालुके बनत नाहीत.

फाइल किती जुनी आहे हे मोजून कळतं. मराठवाड्यात ८ जिल्हे आणि ७६ तालुके आले पाहिजेत. जिल्हे ७ भरले आणि परभणी नेहमीपेक्षा मोठी दिसली तर फाइल १ मे १९९९ च्या आधीची, हिंगोली तेव्हा वेगळी झाली. लातूरच नसेल तर १९८२ च्या आधीची, जालना नसेल तर १९८१ च्या आधीची, असल्या फायली जुन्या नकाशांवरून काढलेल्या असतात आणि अजून फिरतात. २०११ च्या जनगणनेच्या फाइलमध्ये आपले आठही जिल्हे बरोबर असतात, पण राज्यात एकूण ३५ च दिसतात कारण पालघर २०१४ मध्ये झाला, आणि नावं औरंगाबाद, उस्मानाबाद अशी जुनी असतात.

तपासा: तालुके मोजताना जिल्हावार मोजा. संभाजीनगर ९, जालना ८, बीड ११, धाराशिव ८, लातूर १०, नांदेड १६, परभणी ९, हिंगोली ५. एकूण बेरीज जुळली आणि एका जिल्ह्यात एक कमी, दुसऱ्यात एक जास्त असं झालं तरी फाइल चूक.

## ३. प्रोजेक्शन: निम्मे लोक इथंच अडकतात

ग्रॅड्सला शेपफाइलमधले आकडे सरळ रेखांश-अक्षांशात पाहिजेत. क्यूजीआयएस मात्र कुठल्याही प्रोजेक्शनची फाइल स्वतःच फिरवून बरोबर जागी दाखवतं, म्हणून तिथं बरोबर दिसलं याचा अर्थ फाइल बरोबर आहे असा होत नाही. सरकारी फायली पुष्कळदा लॅम्बर्ट किंवा यूटीएम या प्रोजेक्शनमध्ये असतात, आत आकडे मीटरचे.

लेयर प्रॉपर्टीज उघडा, इन्फॉर्मेशनमध्ये एक्स्टेंट (फाइल कुठून कुठपर्यंत पसरली आहे ते आकडे) वाचा. ७४ ते ७८ आणि १७ ते २० च्या आसपासचे आकडे असतील तर ठीक. सहा-सात आकडी मोठाल्या संख्या दिसल्या तर फाइल मीटरमध्ये आहे.

आता खरी चूक. लोक लेयरवर राइट क्लिक करून सेट लेयर सीआरएसमध्ये ४३२६ (रेखांश-अक्षांशाचा ईपीएसजी क्रमांक) निवडतात आणि काम झालं समजतात. त्याने फक्त फाइलवरची चिठ्ठी बदलते, आतले आकडे मीटरचेच राहतात. तुम्हाला पाहिजे ते रिप्रोजेक्ट लेयर, प्रोसेसिंग टूलबॉक्समध्ये मिळतं, टार्गेट ईपीएसजी ४३२६ द्यायचं, त्यातून नवीन लेयर तयार होतो आणि त्यात आकडे खरोखर बदललेले असतात. सेट लेयर सीआरएस फक्त तेव्हाच वापरायचं जेव्हा पीआरजे फाइल (प्रोजेक्शनची माहिती ठेवणारी सोबतची फाइल) हरवली आहे आणि मूळ प्रोजेक्शन कोणतं ते तुम्हाला नक्की ठाऊक आहे.

यूटीएमच्या बाबतीत मराठवाड्याला एक जादा काळजी आहे. यूटीएमच्या उभ्या पट्ट्यांपैकी झोन ४३ आणि ४४ ची हद्द ७८ रेखांशावर आहे आणि किनवट त्याच्या पूर्वेला पडतं. म्हणजे बाकी मराठवाडा ४३ मध्ये असला तरी नांदेडची वेगळी आलेली फाइल ४४ मध्ये असू शकते, दोन्हीला एकच झोन समजून जोडलं तर नांदेड शेकडो किलोमीटर सरकतो. प्रत्येक फाइल वेगवेगळी रिप्रोजेक्ट करा, मग जोडा.

तपासा: रिप्रोजेक्ट केलेल्या फाइलवर जिल्ह्याची ठिकाणं बिंदू म्हणून टाका. संभाजीनगर १९.८८, ७५.३४, लातूर १८.४०, ७६.५७, नांदेड १९.१५, ७७.३०, बीड १८.९९, ७५.७६. प्रत्येक बिंदू आपापल्या जिल्ह्यात पडला पाहिजे. नंतर ओपनस्ट्रीटमॅप खाली लावून बीड आणि जालन्याची हद्द बघा, ती गोदावरीच्या पात्राला धरून जाते. रेघ नदीच्या सोबत वळत असेल तर निश्चिंत व्हा, एकाच बाजूला सारखी सरकलेली असेल तर डेटम (अक्षांश-रेखांश मोजायचा पाया) किंवा झोन चुकलाय.

## ४. दुरुस्ती आणि निवड

चेक व्हॅलिडिटी चालवा, चुका निघाल्या की फिक्स जिऑमेट्रीज. हे करायला दोन मिनिटं लागतात आणि हे टाळलं तर पुढं डिझॉल्व्ह (लहान आकृत्या जोडून मोठी करणं) मध्येच थांबतो नाहीतर एखादा तालुका गुपचूप गायब होतो.

मग मराठवाड्याचे तालुके (आणि शेजारचे घ्यायचे ठरवले असतील तर तेही) निवडा, आणि इथं नावावर भरवसा ठेवू नका. एकाच जिल्ह्याची स्पेलिंगं किती प्रकारे लिहिलेली असतात ते बीडच्या बाबतीत बघाच. २०११ च्या जनगणनेचा जिल्हा कोड असेल तर त्याने निवडा: नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, औरंगाबाद ५१५, मग बीड ५२३, लातूर ५२४, उस्मानाबाद ५२५.

पुढं पावसाचा तक्ता जोडणार असाल तर नुसत्या तालुक्याच्या नावाने कधीच जोडू नका. आष्टी बीडमध्येही आहे आणि वर्ध्यातही, कळंब धाराशिवमध्ये आहे आणि यवतमाळमध्येही. शेजारचे जिल्हे सोबत घेतलेत तर यवतमाळचा पाऊस धाराशिवच्या कळंबवर पडलेला दिसेल आणि नकाशा बघणाऱ्याला ते कळणारही नाही. जिल्हा कोड अधिक तालुका कोड असा एक वेगळा रकाना करून ठेवा.

जपून: शेपफाइलमध्ये रकान्याचं नाव दहा अक्षरांपर्यंतच टिकतं, मराठीत नाव दिलं तर त्याहून कितीतरी आधी तुटतं कारण एकेक देवनागरी अक्षर तीन-तीन बाइट खातं. रकान्यांची नावं इंग्रजीतच द्या. आतली माहिती मराठीत ठेवायची असेल तर सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा आणि सोबतची सीपीजी फाइल (एन्कोडिंगची नोंद असलेली) फेकू नका. ग्रॅड्समध्ये नावं छापायची असतील तर एक रकाना रोमन लिपीतल्या नावांचा वेगळा ठेवा.

## ५. रेघा हलक्या करा, एकदाच, आणि फक्त तालुक्यांच्या

ह्या पायरीवर घाई करू नका.

क्यूजीआयएसचं साधं सिम्प्लिफाय प्रत्येक तालुका एकटा-एकटा घेऊन सोपा करतं. शेजारच्या दोन तालुक्यांची हद्द एकच असली तरी ती दोनदा, दोन वेगळ्या तऱ्हेने सोपी होते आणि मधे बारीक भेगा पडतात, कुठं एकमेकांवर चढतात. नकाशा लहान असताना दिसत नाही, रंग भरला की पांढऱ्या चिरा दिसायला लागतात. मॅपशेपर सामाईक हद्द एकच रेघ म्हणून धरतं, म्हणून हे काम तिथं करायचं.

शेपफाइलच्या एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ, पीआरजे या चारही फायली एकदम ओढून टाका, एकटी एसएचपी टाकली तर नावं-कोड सगळं गळून पडतं. त्या चार फायली म्हणजे चारचाकी गाडीची चाकं समजा, एक निखळलं की गाडी जागेवर.

इंपोर्ट झाल्यावर:

- कन्सोल उघडून क्लीन द्या, मूळ फाइलमधल्या बारीक भेगा आणि ओव्हरलॅप आधी मिटू द्या.
- मग सिम्प्लिफाय, इंटरव्हल (किती बारीक वळणं गाळायची तो आकडा) २५०, सोबत कीप-शेप्स. फाइल रेखांश-अक्षांशात असली तरी इंटरव्हल मीटरमध्ये धरला जातो. कीप-शेप्स दिलं नाही तर छोटे तुकडे नाहीसे होऊ शकतात.
- वर लाइन इंटरसेक्शन्सचा आकडा दिसला तर रिपेअर दाबा.
- एक्स्पोर्ट, शेपफाइल.

टक्केवारीच्या स्लायडरने पण होतं, पण दहा टक्के म्हणजे किती हे मूळ फाइलच्या बारीकपणावर ठरतं, आज घेतलेल्या फाइलला बरोबर बसलेला आकडा दुसऱ्या फाइलला बसेलच असं नाही. मीटरमध्ये दिलं की कुठल्याही फाइलवर तेच उत्तर येतं, म्हणून मी स्लायडरच्या बाजूचा नाही.

तपासा: तालुके परत मोजा, ७६. गोदावरीकाठची रेघ बघा, मोठी वळणं शिल्लक पाहिजेत. ती सरळ काठीसारखी झाली असेल तर इंटरव्हल जास्त झालाय, मागं जा.

## ६. आता जिल्हे आणि विभाग बनवा

हलक्या केलेल्या तालुका फाइलवरूनच डिझॉल्व्ह करायचं. जिल्हा कोडवर डिझॉल्व्ह केलं की ८ जिल्हे, काहीच रकाना न देता केलं की मराठवाड्याची बाहेरची एकच हद्द (शेजारचे जिल्हे सोबत असतील तर विभागासाठी आधी फक्त मराठवाड्याचे तालुके निवडा). तिन्ही फायली एकाच मुळातून निघाल्या म्हणून रेघा एकमेकांवर तंतोतंत बसतात.

उलटं करणारे खूप आहेत: तालुका फाइल एका वेबसाइटवरून, जिल्हा दुसरीकडून, विभाग तिसरीकडून, आणि तिन्ही वेगवेगळ्या सोप्या केलेल्या. दुहेरी रेघांचं मूळ हेच असतं. मराठवाडा हा हवामान विभागाचा स्वतंत्र उपविभाग आहे आणि त्यात हेच आठ जिल्हे येतात, त्यामुळे उपविभागाची फाइल वेगळी शोधायची गरजच नाही.

विभागाच्या फाइलमध्ये आत कुठं केसासारख्या रेघा राहिल्या असतील तर त्या भेगा आहेत. डिलीट होल्सने त्या झाकतात लोक, पण मग जिल्हा फाइलमध्ये त्या तशाच राहतात. पायरी ५ मधल्या क्लीनवर परत जाणं बरं.

## ७. ग्रॅड्समध्ये लावताना

डेटा उघडा, सेट लॅट १७.३ २०.९, सेट लॉन ७४.३ ७८.६. मग सेट एमपीड्रॉ ऑफ, म्हणजे सॉफ्टवेअरची स्वतःची रेघ येणार नाही. हे विसरलात तर तुमच्या हद्दीच्या बाजूला त्यांची ओबडधोबड हद्दही उमटते.

डिस्प्ले आधी, ड्रॉ एसएचपी नंतर. डिस्प्ले झाल्याशिवाय कागदावर कुठला अंश कुठं पडतो हेच ग्रॅड्सला माहीत नसतं, आणि उलटं केलं तर वरचा रंग रेघ झाकून टाकतो.

रेघा बारीकपासून जाडीकडे: सेट लाइन १५ १ १ देऊन तालुके, सेट लाइन १ १ ४ देऊन जिल्हे, शेवटी सेट लाइन १ १ ८ देऊन विभाग. आधी जाड काढली तर तालुक्याची करडी रेघ तिच्यावर चढून तिला डागाळते.

काही उमटलं नाही तर अंदाज लावत बसू नका. क्यू एसएचपी देऊन आत किती आकृत्या आहेत ते बघा, क्यू डीबीएफ देऊन नावं बघा. आकृत्या येतात पण चित्रात नाहीत, म्हणजे प्रोजेक्शन. फाइलच उघडत नाही, म्हणजे पाथ चुकला किंवा एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ यांपैकी एखादी फाइल हरवली. सगळा नकाशा एकाच रंगाने भरला, म्हणजे आधीच्या स्क्रिप्टमधला सेट एसएचपीऑप्ट्स (आकृतीत रंग भरायची कमांड) अजून चालू आहे, त्याला उणे १ द्या.

पायथॉनवाल्यांनी जिओपांडासने वाचल्यावर टोटल बाउंड्स छापून बघायचे, आणि कार्टोपायमध्ये प्लेटकारे लिहायच्या आधी फाइल खरंच अंशात आहे ना याची खात्री करायची. जीएमटी (नकाशे काढायचं आणखी एक सॉफ्टवेअर) लागत असेल तर क्यूजीआयएसच्या एक्स्पोर्ट यादीत तो फॉरमॅट आहेच. हाताने टेक्स्ट फाइल लिहिणाऱ्यांनी रेखांश आधी, अक्षांश नंतर हे पक्कं धरावं, उलटं झालं तर लातूर जाऊन पडतं स्वालबार्डजवळच्या समुद्रात.

## ८. मराठवाड्याबाहेरचा रंग झाकायचा असेल तर

यासाठी लोक मोठ्या चौकटीतून मराठवाडा वजा करून मधे भोक असलेली आकृती बनवतात आणि तिच्यात पांढरा रंग भरतात. भोक असलेली आकृती प्रत्येक सॉफ्टवेअर नीट भरेल याची खात्री देता येत नाही, कधी अख्खा नकाशाच पांढरा होतो. त्यापेक्षा चौकट दोन करा, एक ७४.३ ते ७६.४१ आणि दुसरी ७६.४० ते ७८.६, उंची दोन्हीची १७.३ ते २०.९. दोन्हीतून विभागाची हद्द डिफरन्सने वजा करा. आता कुठल्याच आकृतीत भोक उरत नाही, आणि मधला अंशाचा शंभरावा भाग मुद्दाम एकमेकांवर चढवलाय म्हणून जोडावर रंगाची रेघ झिरपत नाही.

क्रम: डिस्प्ले, मग हे पांढरं झाकण, मग सेट एसएचपीऑप्ट्स उणे १, आणि त्यानंतर हद्दीच्या रेघा.

जपून: हे झाकण फक्त चित्रावर आहे. विभागाची सरासरी काढताना बाहेरचे आकडे त्यात धरले जातातच, सरासरीसाठी डेटावरच वेगळा मास्क (बाहेरचे आकडे वगळणारी चाळणी) लागतो.

## ९. तालुक्याच्या रेघा कोणत्या डेटावर टाकायच्या

हवामान विभागाचा ग्रिड पाऊस ०.२५ अंशाचा आहे, एक चौकोन साधारण २७ किलोमीटर बाय २६ किलोमीटर, म्हणजे सातशे चौरस किलोमीटर. मराठवाडा सुमारे ६४ हजार चौरस किलोमीटर आणि तालुके ७६, म्हणजे सरासरी तालुक्याला धड सव्वा चौकोन सुद्धा येत नाही. अशा डेटावर गुळगुळीत रंगछटा काढून वर तालुक्याच्या रेघा मारल्या की बघणाऱ्याला वाटतं गेवराईत एवढा पडला आणि माजलगावात तेवढा, प्रत्यक्षात दोघांच्या मधे एकच चौकोन पसरलेला असू शकतो. ज्याचा पीक विमा अडकलाय तो असा नकाशा फार मनापासून बघतो, म्हणून ह्या डेटावर फक्त जिल्ह्याच्या रेघा टाका, आणि तालुके दाखवायचेच असतील तर सेट जीएक्सआउट जीआरफिल द्या, चौकोन चौकोनासारखे दिसू द्या. तालुक्याची फाइल खरी उपयोगी पडते ती महसूल मंडळातल्या पर्जन्यमापकांचे आकडे बिंदू म्हणून टाकताना, तिथं बिंदू कुठल्या तालुक्यात आहे हे रेघेवरून नेमकं सांगता येतं.